बाल्या नाचातला पृथ्वीचा गाभा

वनमाला चाळीत आमच्या शेजारची. बोरीवलीत म्युन्सिपालटीच्या शाळेत भूगोल शिकवायची. वेड किती? तव्यावर भाकरी फुगली तरी तिला ज्वालामुखी आठवायचा. मी ओरडायची, "अगं, आधी उतरव ती, करपतेय!" पण माणूस झकास. गिरण्या बंद पडल्या आणि चाळीतल्या बायका कामाला बाहेर पडल्या, तेव्हा त्यांची पोरं हिच्याच घरात पसरलेली असायची.

चाळीच्या गणपतीत दरवर्षी एका संध्याकाळी तासभर तिचं विज्ञान असायचं. त्या तासावर तिचा फार जीव. शाळेत पोरं परीक्षेपुरतं ऐकतात, इथे बायका, म्हातारे मांडी घालून ऐकायचे आणि उलट प्रश्न विचारायचे. शहाऐंशी साली मंडळाचा अध्यक्ष राजाराम आडवा आला. त्याला व्हिडिओ लावायचा होता. "बाई, पब्लिकला पिक्चर पायजे. यंदा रंगलं तर ठीक, नायतर पुढल्या वर्षीपासून तुमचा तास बंद." असा संताप आला मला! वनमाला घरी आली आणि दोन घास धड जेवली नाही.

विषय तरी काय निवडला बयेने? भूकंपाच्या लाटांवरून पृथ्वीच्या पोटातलं कसं कळतं! माझा भाऊ धोंडू आणि त्याची कोकणातल्या बाल्या नाचाची मंडळी तिने मांडवात एकामागे एक उभी केली.

"भूकंपाच्या दोन लाटा," ती म्हणाली. "एक पुढे ढकलते, दुसरी आडवी हलवते. पुढचे आणि मागचे लोक म्हणजे घट्ट खडक. त्यांचे हात एकमेकांच्या खांद्यावर. मधले म्हणजे पृथ्वीच्या गाभ्याचा बाहेरचा भाग. तो वितळून पातळ झालेला, म्हणून त्यांचे हात खाली, नुसतं चिकटून उभं राहायचं. आता बघा, धक्का पार जाईल, आडवी लाट मध्येच मरेल."

तिने मागून ढकललं. धक्का रांगेतून थेट पुढच्या धोंडूपर्यंत गेला. टाळ्या पडल्या. मग तिने शेवटच्याला डावीकडे ओढलं, आणि अख्खी रांग डावीकडे झुलली! गाभासुद्धा! परत केलं, परत तेच. काय होणार दुसरं? जन्मभर एकत्र नाचलेली माणसं ती, मागचा हललेला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला की यांचं पाऊल आपोआप पडणारच.

राजाराम खदखदा हसला. "बाई, तुमचा गाभा घट्टच निघाला! चला, टीव्ही आणा रे."

वनमालाचा चेहरा पार उतरला. मला तर रडूच येईल असं वाटलं. मान तिरकी करून मागे बघणाऱ्या धोंडूकडे ती बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "अरे, तुम्ही लाटेने हलत नाही, एकमेकांना बघून हलताय! कमरेचे रुमाल सोडा. डोळे बांधा सगळ्यांचे."

डोळे बांधले. तिने ढकललं, धक्का पार गेला. मग आडवं ओढलं. मागचे खडक झुलले. गाभ्यातला पहिला जागचा हलला नाही, मग पुढचे कशाला हलतायत? पुढे आमचा धोंडू डोळे बांधून ताटकळत उभा. शेवटी वैतागून ओरडला, "ओ बाई, ओढताय ना? माझ्यापर्यंत कायच आलं नाय!"

मांडव हसून कोसळला. वनमाला लहान पोरीसारखी उडीच मारायची बाकी होती. "हेच! अगदी हेच! भूकंप इकडे झाला, आणि पृथ्वीच्या पलीकडच्या भूकंप टिपणाऱ्या यंत्रांवर ही आडवी लाट आलीच नाही. न आलेल्या लाटेने सांगितलं, मध्ये पातळ काहीतरी आहे. तिथे खाली कोणी गेलं नाही रे, कोणी जाणारही नाही!"

मग कसला व्हिडिओ! पोरंबाळं, म्हातारे, सगळ्यांना रांगेत उभं राहायचं होतं. मी स्वतः खडक झाले. वनमाला घामाघूम होऊन ओढतेय, ढकलतेय, आणि इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

"पुढच्या वर्षी काय आणताय, बाई?" आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी वळून पाहिलं. गाभ्यात, हात खाली सोडून, डोळ्यांवर धोंडूचा रुमाल बांधून राजाराम उभा होता.