ब्लाझेनाबाईंच्या सपाता

युरोप किती पाहिलात असं कोणी विचारलं की मी सांगतो, भरपूर पाहिला, पण सगळा बसच्या काचेतून. मी ऑस्ट्रियाच्या उत्तरेला असलेल्या प्रोस्तेयोव गावचा, सहलीच्या बसवरचा दुसरा माणूस. उन्हाळ्यात आमची बस संध्याकाळी निघते, ऑस्ट्रिया झोपेत ओलांडते आणि सकाळी माणसांना इटलीच्या समुद्रावर नेऊन ओतते. आठवड्याने तीच माणसं, नाकाची सालं निघालेली, पुन्हा भरून आणायची. बोहुश चालवतो. मी मागे कॉफी करतो, सॉसेज गरम करून देतो आणि गाऱ्हाणी ऐकतो. बोहुशला माणसं आवडत नाहीत, म्हणून ही वाटणी.

गाऱ्हाणी वर्षानुवर्षं तीच आहेत. समुद्र दिसणारी खोली असं सांगितलेलं असतं आणि समुद्र दिसायला कठड्यावरून अर्धं अंग बाहेर काढावं लागतं. तिकडची कॉफी एका घोटात संपते. उशी दगडी, पाव पोकळ. सुखंही तीच आहेत म्हणा. खिडकीची जागा, डोक्याखाली गुंडाळलेला स्वेटर, आणि घरून आणलेले काप. आमचा माणूस परदेशात गेला तरी आधी घरचे काप संपवतो. डुकराच्या मांसाचे पातळ काप, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले, सोबत आंबवलेली काकडी. हद्द यायच्या आत अख्ख्या बसला त्यांचा वास सुटतो. हद्दीवर पूर्वी बंदूकवाल्यांचा पहारा असायचा, आता कुत्रंही नसतं, पण जुनी माणसं तिथे अजून गप्प होतात आणि पासपोर्ट हातात धरून ताठ बसतात. बोहुश आरशातून बघून म्हणतो, "बघ, वर्ग भरला."

या वर्गात सातव्या सीटवर ब्लाझेना कोप्रिवोवा असायच्या. गावातल्या कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर पुरुषांच्या विजारी शिवल्या. कारखाना बंद पडला, मग नवरा गेला, आणि मुलगी यित्का तर त्याच्या आधीच गेली होती, एका उन्हाळ्यात इटलीतल्या हॉटेलात खोल्या झाडायला. तिथे तिला लोरिस नावाचा नवरा मिळाला. त्यांचं घर आमच्या वाटेवरच, हमरस्त्यापासून गाडीने थोडंसं आत.

पहिल्या वर्षी ब्लाझेनाबाईंनी समुद्रावर जाण्याचं कारण सांगितलं, की डॉक्टरांनी खारी हवा सांगितलीय. खरं कारण मला तिसऱ्या वर्षी कळलं. कायद्याने ड्रायव्हरला ठरावीक वेळ चालवल्यावर विश्रांती घ्यावीच लागते. आमची मोठी विश्रांती इटलीत शिरल्यावर, एका पेट्रोलपंपाच्या मैदानात पडते. अर्धा तास. त्या अर्ध्या तासासाठी बाई अख्खा आठवडा समुद्र सोसायच्या. यित्का आपली लाल गाडी घेऊन तिथे यायची. दोघी मालट्रकांच्या शेजारी सिमेंटच्या बाकावर बसायच्या, बाई डबा उघडायच्या, मुलगी काप खायची. परतीच्या वेळी बस त्या मैदानासमोरून गेली तरी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जायची, त्यामुळे भेट वर्षातून एकदाच.

"अहो, मुलीच्या घरीच का उतरत नाही तुम्ही?" मी एकदा विचारलं. "आठवडाभर राहा. आम्ही फिरून येऊन घेऊन जाऊ तुम्हाला."

"घर सासूचं आहे रे," त्या म्हणाल्या. "आणि बोलावल्याशिवाय कसं जायचं? मी काय वसुलीला आलेय?"

"मुलीचं घर आहे ते. तिथे कसलं बोलावणं?"

"म्हणून तर. मुलीने बोलवायला हवं."

त्यांच्या हातात डब्याबरोबर एक कापडी पिशवी असायची. प्रत्येक वर्षी ती घेऊन उतरायच्या आणि तशीच घेऊन चढायच्या. मला वाटायचं औषधं असतील. विचारलं तर पिशवीचं तोंड थोडं उघडून दाखवलं. आत सपाता होत्या. कारखान्यातून आणलेल्या राखाडी सुटाच्या कापडाच्या, आतून लाल अस्तर लावलेल्या, घरी शिवलेल्या. तळवे कोरे होते.

"या कशाला?"

"बोलावलंच तर? दारात बूट काढल्यावर मोज्यांवर फिरू का तिच्या घरात?"

आमच्याकडे बूट घालून घरात पाय टाकणारा माणूस एकच, पोलिस. बाकी सगळे दारात बूट काढतात आणि घरचे लोक पाहुण्यासाठी सपाता पुढे सरकवतात. मानी माणूस आपल्या सपाता घेऊनच जातो. त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही, उलट पुढची तयारी आवडली. बोहुशला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हातारी सपाता शिवून बसलीय आणि पोरीला दार उघडायचं सुचत नाहीये."

अशी बरीच वर्षं गेली. यित्का कधी उशिरा यायची, कधी फोनवर बोलतच गाडीतून उतरायची. आपली भाषा तिच्या तोंडात अडखळायला लागली होती, साधा शब्द शोधताना हवेत हात फिरवायची. "आई, आमच्याकडे एवढं तळकट कोणी खात नाही," म्हणायची आणि तरी दोन काप संपवायची. बाई तिच्या तोंडाकडे बघत बसायच्या. मी हॉर्न वाजवायला सांगायचो तेव्हा बोहुश मुद्दाम सिगरेट पेटवायचा. त्याच्याकडून एवढं प्रेम मी दुसऱ्या कोणासाठी पाहिलं नाही.

मग एका वर्षी ऑस्ट्रियात बोगद्याच्या तोंडाशी गाड्या तुंबल्या. आम्ही इतके खोळंबलो की बोहुशची वेळ आधीच भरली आणि विश्रांती डोंगरातच घ्यावी लागली. इटलीत शिरलो तेव्हा पुन्हा थांबायला परवानगीही होती आणि जागाही होती, पण बसमधली माणसं चिडलेली, हॉटेलवाला फोनवर फोन करतोय, आणि मालकाने बजावलेलं की आता सरळ समुद्र. मी बोहुशच्या खांद्याशी जाऊन उभा राहिलो.

"दोन मिनिटं घे ना आत."

"दोन मिनिटं म्हणशील आणि अर्धी बस मुतायला उतरेल. मग त्यांना गोळा करायला तू जाशील?"

"बाईंची पोर उभी असेल."

"मला दिसत नाही का? माझी नोकरी जाईल, ओताकार."

खरंच उभी होती. लाल गाडीला टेकून, डोळ्यांवर हात धरून येणाऱ्या प्रत्येक बसकडे बघत होती. आम्ही समोरून निघून गेलो. ब्लाझेनाबाई सातव्या सीटवरून उठल्या, काचेवर हाताचा तळवा ठेवला आणि वळणापर्यंत तसाच ठेवला. मग बसल्या आणि डबा उघडून काप शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून टाकले. कोणाला नको म्हणायची हिंमत झाली नाही.

त्या चुकलेल्या भेटीतूनच ते बोलावणं आलं. यित्काला वाईट वाटलं असावं. नाताळात तिचा फोन आला की आई, पुढच्या उन्हाळ्यात समुद्राला जाऊ नकोस, आमच्याकडेच राहा. ब्लाझेनाबाईंनी हे मला जानेवारीत बाजारात गाठून सांगितलं. बर्फात उभ्या होत्या, गाल लाल झालेले. "स्वतःहून म्हणाली, ओताकार. मी शब्दानेही सुचवलं नव्हतं."

जूनमध्ये त्या केस रंगवून आल्या. रात्रभर झोपल्या नाहीत, मला मात्र प्रत्येक कॉफीला सांगत होत्या की झोप मस्त झाली. त्या वर्षी मैदानात लोरिस स्वतः आला होता. उंच, हसरा माणूस, त्याने त्यांची बॅग उचलली. कापडी पिशवीही घेऊ लागला तर बाईंनी ती छातीशी धरली. गाडीत बसताना त्यांनी माझ्याकडे बघून पिशवी किंचित वर उचलून दाखवली. मला एवढा आनंद झाला की मी समुद्रापर्यंत सगळ्यांच्या कॉफीत साखर जास्तच घातली.

आठवड्याने परतताना आम्ही वाट वाकडी करून त्यांना घ्यायला त्याच मैदानात शिरलो. बाई बाकावर एकट्याच बसल्या होत्या, बॅग पायाशी. लोरिसला कामावर जायचं होतं म्हणून तो लवकर सोडून गेला होता. यित्काचं डोकं दुखत होतं. बाई चढल्या, सातव्या सीटवर बसल्या. मी विचारलं, "मग, कसं झालं माहेरपण?" आमच्याकडे आई लेकीकडे राहून आली की असंच चिडवतात.

"छान. मासे होते रोज. वाईन होती. सासूबाई सारख्या हसायच्या."

ऑस्ट्रियात पाऊस लागला. मी कॉफी घेऊन गेलो तर त्यांनी मला शेजारच्या रिकाम्या सीटवर बसायला सांगितलं.

"दारात पोचले," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आणि बूट काढायला वाकले. एक नाडी सोडली पण होती. यित्का पटकन माझा हात धरून म्हणते, आई, नको. इथे पाहुणे बूट काढत नाहीत. मी म्हटलं, अगं, माझ्या सपाता आहेत बरोबर. तर म्हणते, प्लीज, त्या पिशवीतून बाहेर काढू नकोस, सासूबाईंना वाटेल तू झोपायच्या तयारीने आलीस."

"त्यांच्याकडची पद्धत असेल."

"पद्धत आहेच. मला पद्धत कळत नाही का? पाहुण्यांनी बूट काढायचे नाहीत. पण यित्काच्या पायात सपाता होत्या. सासूच्या पायात होत्या. लोरिसच्या पण. बूट फक्त माझ्या." त्यांनी कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला होता, पीत नव्हत्या. "आठवडाभर मी बूट घालून तिच्या सोफ्यावर बसले, ओताकार. बूट घालून तिच्या स्वयंपाकघरात उभी राहिले. सगळे चांगले वागले. खुर्ची द्यायचे, मला काही उचलू द्यायचे नाहीत. स्टेशनात बसल्यासारखी बसले होते मी, गाडी यायची वाट बघत."

मी म्हटलं, "पुढच्या वेळी आधीच सांगा तिला."

"एकदा सगळे बाहेर गेले होते. तेव्हा घातल्या मी. सोफ्यापासून खिडकीपर्यंत गेले, परत आले. छान गार फरशी आहे तिच्या घरात. मग फाटकाचा आवाज आला आणि पुन्हा पिशवीत टाकल्या."

मी त्या दिवशी यित्काला मनातल्या मनात फार बोललो. नंतर वाटलं, तिचंही काय चुकलं. ती तिथे इतकी वर्षं सासूच्या नजरेखाली टिकली, ती अशाच गोष्टी आधी ओळखून. पण रागाला हे समजावून उपयोग नसतो. माझा तिच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

पुढच्या वर्षी मला वाटलं, बाई येणार नाहीत. आल्या. तीच सातवी सीट, तोच डबा. मी त्यांचं जाकीट वर ठेवत होतो, तेवढ्यात त्या वाकल्या, बूट काढले, सीटखाली सरकवले आणि पिशवीतून सपाता काढून पायात घातल्या. लांबच्या प्रवासात पाय सुजतात म्हणून असं बरेच जण करतात. इतक्या वर्षांत त्यांनी मात्र कधी केलं नव्हतं, तळवे मळतील म्हणून.

"हं, आता बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. बोहुशने आरशात पाहिलं आणि बस सुरू केली.

सकाळी आम्ही मैदानात थांबलो. लाल गाडी आधीच उभी होती आणि यित्का बाहेर होती, हातात केकचा खोका. आजवर तिने कधी काही आणलं नव्हतं. लोक उतरले. ब्लाझेनाबाई उठल्या नाहीत.

"आलीय बरं का ती," मी म्हटलं.

"दिसतेय."

"उतरताय ना?"

त्यांनी पायांकडे पाहिलं. "सपाता घालून बाहेर जात नाहीत." आणि डबा माझ्या हातात दिला. "काप दे तिला. ताजे आहेत म्हणावं."

मी डबा घेऊन उतरलो. यित्का माझ्या मागे बघत होती, बसच्या काळ्या काचांकडे. बाहेरून आतलं काही दिसत नाही. "आई बरी नाही का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बऱ्या आहेत. बसल्यात. वर जा ना तू, जागा रिकामीच आहे शेजारची." तिने मान डोलावली, दारापर्यंत आली, दांडा धरून पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग आतल्या अंधाराकडे बघत थोडा वेळ तशीच राहिली. का कोण जाणे, तिने पाय खाली घेतला. "लोरिसला गाडी हवीय," ती म्हणाली आणि केकचा खोका माझ्या हातात ठेवला. काप घेतले. बोहुशने सिगरेटमागून सिगरेट ओढली, शेवटी त्यालाही निघावं लागलं.

मी केक बाईंच्या मांडीवर ठेवला. बस हमरस्त्याला लागेपर्यंत त्या समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिल्या.

"वर येत होती ना ती?"

"येत होती. एक पाय ठेवला होता पायरीवर."

"बूट काढायला वाकली होती का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. त्यांनी ओळखलं असतं. "नाही," मी म्हटलं.

ब्लाझेनाबाईंनी मान हलवली, सपाता घातलेले पाय जुळवून सीटखाली नीट ओढून घेतले आणि म्हणाल्या, "मग ती पाहुणीच रे."