गरजू असल्याचा पुरावा

माझ्या वडिलांचं वार्षिक उत्पन्न किती, हे मी अठरा वर्षांची होईपर्यंत मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. ते आमच्या गावच्या महादेवाचे पुजारी. गाव कळमनुरीपासून दहा-बारा किलोमीटरवर. सकाळी देव धुवायचा, बेल वाहायचा, संध्याकाळी दिवा लावायचा आणि मधल्या वेळात जे येईल ते घ्यायचं. आरतीच्या ताटातली चिल्लर, नारळाची अर्धी वाटी, सुगीत घराघरातून पायलीभर ज्वारी, हळद निघाली की कुणाकडून दोन-चार किलो हळकुंडं. देवस्थानची दीड एकर जमीन दुसरा एक जण बटईनं करायचा, तिचा वाटा यायचा. माय ब्लाउज शिवायची. या सगळ्याची बेरीज करावी असं घरात कुणाला कधी वाटलं नव्हतं. ती करायला लावली माझ्या कॉलेजनं.

बारावीनंतर हिंगोलीच्या एका खासगी फार्मसी कॉलेजात माझा नंबर लागला. शिक्षणाच्या फीला सरकारी सवलत मिळाली, त्यात काही अडलं नाही. पण होस्टेल आणि मेस ज्याची त्यानं बघायची होती. त्यासाठी संस्थेचा स्वतःचा एक ‘गरजू विद्यार्थी निधी’ होता. अध्यक्षांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ काढलेला. अट एवढीच, की घरचं उत्पन्न लाखाच्या आत पाहिजे आणि तसा तहसीलचा दाखला पाहिजे. दाखल्याआधी तलाठ्याचा अहवाल. म्हणून बाबा आणि मी बाजारच्या दिवशी कळमनुरीला तलाठ्याकडे गेलो.

तलाठी एका भाड्याच्या खोलीत बसायचा. त्यानं वर न बघता विचारलं, “महाराज, किती लिवू?”

“किती म्हंजे?” बाबा म्हणाले. “जेवढं हाय तेवढं लिवा साहेब.”

“साठ हजार लिवतो. समद्यांचं साठच लिवतो मी.”

“पण माझं किती हाय ते मलाच ठाव न्हाई. तुमाला कसं कळलं?”

तलाठ्यानं आता मान वर केली. इतक्या वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नसावा. बाबा म्हणाले, हिशेब करून आणतो, आणि उठलेच. मी खोलीच्या दारात शरमेनं लाल झाले. तो माणूस साठ हजार फुकट लिहून देत होता, आणि माझा बाप नको म्हणत होता.

पुढचे चार दिवस बाबांनी जुन्या पंचांगाच्या कोऱ्या पानांवर हिशेब मांडला. श्रावणातले सोमवार वेगळे, शिवरात्र वेगळी, लग्नसराईतले अभिषेक वेगळे. नारळही त्यांनी मोजले, आणि जे नारळ आमच्या घरी चटणीत गेले तेही बाजारभावानं लावले. माय म्हणाली, “खाल्लेल्या खोबऱ्याचं काहून उत्पन्न लावून राहिले तुमी?” बाबा म्हणाले, “देवानं दिलं ना? मग ते आलंच की.” बेरीज आली एक लाख आठ हजार.

मी त्यांना सांगितलं, की आठ हजारांसाठी माझं होस्टेल जाईल. त्यांनी पंचांग मिटलं आणि म्हणाले, “पोरी, खरं सांगितल्यावर माणसं ऐकत्यात. मी बोलतो त्यांच्याशी.” तेव्हा मला त्यांचा जो राग आला तो मी अजून विसरलेले नाही. त्यांना जग कळत नाही असं मला वाटलं. ते बरोबरच होतं. पण जगात कळण्यासारखं तेव्हा फारसं काही नव्हतं, हे मला नंतर समजलं.

तलाठ्यानं हसत हसत एक लाख आठ हजार लिहिलं. बाजूला बसलेल्या माणसाला म्हणाला, “बघा, वाढवून मागणारं पहिलं गिऱ्हाईक.”

निधीची समिती तीन जणांची होती. प्राचार्य, एक मॅडम आणि कॉलेजचे लेखापाल. प्राचार्य फोनवर असायचे, मॅडम मान हलवायच्या, ठरवायचे ते लेखापालच. त्यांच्यापुढे एक छापील कागद होता, त्यावर आमच्या गरिबीला गुण द्यायचे रकाने होते. घर कच्चं की पक्कं, दुचाकी आहे का, फ्रीज आहे का, फोन कुठला.

माझ्या आधी आमच्याच वर्गातला एक मुलगा आत होता. दार उघडंच होतं. त्याच्या बापाची जेसीबी आणि दोन टिप्पर होते, हे सगळ्या हिंगोलीला माहीत. त्याच्या दाखल्यावर साठ हजार. लेखापालांनी तो वाचला, शिक्का बघितला, बरोबरची खूण केली आणि म्हणाले, “तुझ्या पप्पाला सांग बेटा, माझ्या प्लॉटवर मुरूम टाकायचाय. या आठवड्यात जमतंय का बघ म्हणावं.” मुलगा म्हणाला, सांगतो सर. त्याचं काम पाच मिनिटांत झालं.

मग मी आणि बाबा. बाबांनी धुतलेलं धोतर आणि टोपी घातली होती, काखेत ते पंचांग होतं.

“घर?”

“देवळालगतची खोली हाय साहेब. दगडी.”

“म्हणजे पक्कं.” खूण. “मालकी?”

“देवाची.”

“राहतं कोण?”

“आमी.”

“मग तुमचंच. फ्रीज?”

“हाय. पण तो पण देवाचा हाय. नांदेडच्या एका भक्तानं दिला, अभिषेकाचं दूध नासू नये म्हणून. देवळात लाइटीचा पॉइंट न्हाई, म्हणून आमच्याकडं ठेवलाय.”

लेखापाल हसले. मॅडमही हसल्या. “देवाचा फ्रीज,” लेखापाल प्राचार्यांकडे बघून म्हणाले, आणि फ्रीजपुढे खूण केली. मग म्हणाले, लाखाच्या वर तर आहेच, आणि कॅल्क्युलेटर ओढून त्यांनी आम्हाला समजावलं. उत्पन्नाचा तिसरा हिस्सा कुटुंब शिक्षणावर खर्च करू शकतं, असा त्यांचा नियम. एक लाख आठचा तिसरा हिस्सा छत्तीस हजार. होस्टेल आणि मेसचा वर्षाचा खर्च चौतीस. “म्हणजे तुमच्याकडे उलट दोन हजार उरतात,” ते म्हणाले. हे त्यांनी थट्टेनं म्हटलं नाही, हे मुद्दाम सांगते. त्यांना खरंच वाटत होतं की आमच्याकडे दोन हजार उरतात.

“ह्या हिशेबात खाल्लेले नारळ पण धरलेत साहेब,” बाबा म्हणाले आणि पंचांग पुढे केलं.

“ते आम्ही बघत नाही. आम्ही दाखला बघतो.”

मी होस्टेलला राहिले ते मायच्या शिलाईच्या पैशावर. मेस परवडेना, म्हणून खोलीतली मुलगी आणि मी एकच डबा लावला. ती सेनगावकडच्या एका तांड्यावरची. तिच्या घरून दर आठवड्याला भाकरी यायच्या, त्या आम्ही डब्यातल्या पातळ वरणात कुस्करून पुरवायचो. तिनंही निधीसाठी अर्ज केला होता. तिच्या बापाकडे मोटारसायकल होती, म्हणून गुण कापले. ती मोटारसायकल दीड वर्षापासून बंद पडून होती. अर्जात चालू की बंद असा रकाना नव्हता.

दिवाळीनंतर आमच्या देवळाला कमिटी झाली. गावातल्या माजी सरपंचानं पुढाकार घेतला आणि तोच अध्यक्ष झाला. पहिलं काम म्हणून त्यानं स्टीलची दानपेटी आणली, तिला दोन कुलपं लावली, आणि आरतीचं ताट फिरवायचं बंद केलं. नारळ आता कमिटीचा माणूस गोळा करून विकणार. सुगीची ज्वारीही कमिटीकडेच जमा होणार. बाबांना महिना दोन हजार मानधन. मायनं फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी विचारलं, बाबा काय म्हणाले. माय म्हणाली, “काय म्हणत्यात? देऊळ स्वच्छ राहील म्हणाले.”

निधीच्या नियमांत एक ओळ होती, की परिस्थितीत बदल झाल्यास फेरविचार केला जाईल. मी अर्ज लिहिला आणि लेखापालांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला.

“वडील वारले का?”

“नाही सर.”

“मोठा आजार? अपघात?”

“नाही.”

“मग बदल कुठं झाला?”

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, देवस्थान कमिटीचं पत्र आणा, नवा दाखला आणा, मग बघू.

पत्रासाठी बाबा माजी सरपंचाच्या घरी तीनदा गेले. एकदा तो नव्हता, एकदा जेवत होता. तिसऱ्यांदा मीही बरोबर होते. तो म्हणाला, “आमी फुकटात देवाची सेवा करून राहिलो, आन् तुमी कॉलेजात जाऊन आमचं नाव खराब करणार व्हय?” बाबा म्हणाले, नाव कशाला खराब करू, जेवढं देता तेवढंच लिहा. शेवटी त्यानं पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं की पुजाऱ्यास नियमित मानधन दिले जाते, भाविक स्वखुशीने जे देतात ते वेगळे.

बाबांना ते पत्र चांगलं वाटलं. मला त्यातला शेवटचा शब्द वाचूनच कळलं, आपलं काम बिघडलं.

नव्या दाखल्यासाठी बाबा पुन्हा तलाठ्याकडे गेले. या वेळी बेरीज सत्तावन्न हजार आली होती. तलाठी टाळी वाजवून म्हणाला, “मी तवाच साठ म्हणत होतो ना महाराज! उगाच अर्धं वरीस घालवलं.” आणि साठ लिहायला लागला. बाबा म्हणाले, “सत्तावन्न हाय.” तलाठ्यानं पेन खाली ठेवलं. “पुन्हा सुरू झालं का तुमचं?” पण सत्तावन्न लिहिलं. कंटाळून का होईना, आमच्या जिल्ह्यातला एक आकडा त्या दिवशी खरा निघाला.

जानेवारीत समिती बसली. लेखापालांनी दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले.

“सहा महिन्यांत एक लाख आठचे सत्तावन्न? तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना प्रश्नच समजला नव्हता. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना खोटारडा म्हणत होतं, आणि तेही दोन खऱ्या दाखल्यांवरून. मी म्हणाले, “दोन्ही खरं आहे सर.”

“दोन्ही कसं खरं असेल? आणि हे ‘ते वेगळे’ म्हणजे किती?”

“आता काहीच न्हाई येत साहेब,” बाबा म्हणाले. “पेटीत टाकत्यात लोक.”

“कमिटी तर म्हणते येतं. तसं प्रतिज्ञापत्र करून आणा.”

स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र झालं. त्यासाठी एक दिवस, बसचं भाडं, टायपिंगचे आणि वकिलाच्या सहीचे पैसे. फेब्रुवारीच्या शेवटी निकाल लागला, की सहा महिन्यांच्या मेसची निम्मी रक्कम मंजूर. वर्ष संपायला दोन महिने उरले होते.

रक्कम अशीच देत नाहीत. त्यासाठी कार्यक्रम ठेवला होता. स्टेजवर आम्हा अकरा गरजूंना ओळीत उभं केलं, हातात पुठ्ठ्याचे मोठे चेक दिले. माझ्या शेजारी जेसीबीवाल्याचा मुलगा होता, त्याचा चेक पूर्ण वर्षाचा. संस्थेचे अध्यक्ष आपल्या आईबद्दल पाऊण तास बोलले. पालकांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. बाबा रुमालानं डोळे पुसत होते. नंतर जेवणात बालूशाही होती. अध्यक्षांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून “पोरगी हुशार आहे हो तुमची” म्हटलं, आणि बाबा परतीच्या बसपर्यंत तेच सांगत राहिले. “मोठा माणूस हाय. आईची आठवण ठेवतो.” लेखापालांचीसुद्धा त्यांनी तारीफ केली, हिशेबाला पक्का आहे म्हणून.

मला बाबांची चीड आली. अध्यक्षांची, लेखापालांची आली त्याहून जास्त आली. ज्यांनी त्यांना तोंडावर खोटारडं म्हटलं त्यांची बालूशाही त्यांना गोड लागली कशी, हे मी त्यांना बसस्टँडवर विचारलंसुद्धा. ते म्हणाले, “गोडच होती ती.”

दुसऱ्या वर्षी मी अर्ज केला नाही. कॉलेजजवळच्या एका मेडिकल दुकानात संध्याकाळी चार तास उभी राहायला लागले. दुकानदारानं घर पक्कं का विचारलं नाही. एका डॉक्टरची चिठ्ठी पुढे ठेवली आणि म्हणाला, “वाच.” मी वाचली. म्हणाला, उद्यापासून ये. त्या पगारात माझं उरलेलं शिक्षण झालं. तांड्यावरच्या माझ्या मैत्रिणीचं झालं नाही. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर ती घरी गेली आणि तिचं लग्न लागलं. तिचा अर्ज ‘अपूर्ण’ शेऱ्यासह फायलीत राहिला, हे मला ऑफिसातल्या शिपायानं सांगितलं.

आता मी वसमतला एका दवाखान्याच्या औषधालयात नोकरी करते. दोनेक वर्षांपूर्वी कॉलेजातून फोन आला. निधीची स्मरणिका काढतायत, माजी लाभार्थी म्हणून मी दोन शब्द लिहावेत. मी चार पानं लिहिली. नारळ, फ्रीज, दोन दाखले, मुरूम, सगळं लिहिलं. कुणाचं नाव घेतलं नाही. लेख मिळाला, फार छान आहे, असा निरोप आला.

स्मरणिका गावाकडच्या पत्त्यावर गेली. सुट्टीत घरी गेले तेव्हा ती देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली होती. सविसाव्या पानावर माझा फोटो आणि नाव होतं. वर पाच ओळी छापल्या होत्या. निधीनं माझ्या अंधाऱ्या आयुष्यात दिवा लावला, संस्थेच्या ऋणात राहणंच मला आवडेल, वगैरे. त्यातला एकही शब्द माझा नव्हता.

बाबांनी चष्मा लावून मला त्या पाच ओळी वाचून दाखवल्या, एकदा आणि पुन्हा एकदा. मग पान मिटून म्हणाले, “लई चांगलं लिवलंस पोरी.”

ते माझं नाही, असं मी त्यांना सांगितलं नाही. आत जाऊन मायला चहा टाकायला सांगितलं.