देशपांडे सरांचा लेख दिसतो का?

निवृत्त कारकुनाचं पेन्शन महिनाअखेर संपतं, किस्से मात्र साठतच जातात. खर्च करायचे कुठे? घरच्यांनी सगळे ऐकलेले असतात. म्हणून आज तुम्ही सापडलात. हे आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातले, माझ्या नोकरीच्या अखेरच्या दिवसांतले.

आमच्या प्राध्यापकांचे संशोधनलेख इंटरनेटवर ठेवायचे, कुणालाही फुकट वाचता येतील असे, हे ठरलं. ग्रंथपाल काळे कामाला लागले, मी मदतीला. खरा आनंद झाला तो भूगर्भशास्त्राच्या देशपांडे सरांना. वैजापूर तालुक्यातल्या विहिरींचं पाणी खारं का होतं, यावर उमेदीची वर्षं घालवून त्यांनी मराठीत एक लेख लिहिला होता. तो छापून आला आणि कपाटात गेला. सर निवृत्त झाले होते, हृदय थकलं होतं. म्हणाले, "ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांतल्या एकानं तरी वाचावा. मी आहे तोवर."

"सर, आठवड्यात जग वाचेल!" काळे म्हणाले.

जगानं वेळ घेतला.

*

स्कॅनर नवा होता. त्यानं दिलेल्या नावांनीच काळेंनी लेख चढवले. 'स्कॅन एक', 'स्कॅन दोन', असे शेवटपर्यंत. मी विचारलं, "यातून कुणाला काय सापडणार?"

काळे दुखावले. "क्रमानं लावलेत! एक जरी हरवला असेल तर नोकरी सोडतो."

खरंच, एकही हरवला नव्हता. सापडतही एकही नव्हता.

*

मग लेखांना नावं दिली. शोधणारा माणूस कोणते शब्द टाइप करेल, ते लिहून द्या, असं प्राध्यापकांना सांगितलं. इतिहासाच्या सरांनी लिहिलं, 'मौलिक, सखोल, अत्यंत उपयुक्त.'

"सर, असं कोण शोधणार?"

"ज्याला चांगलं वाचायचंय तो!"

देशपांडे सरांनी फोनवर सांगितलं, "विहीर, खारं पाणी, आणि गावांची नावं टाका. माणूस आधी आपलं गाव शोधतो."

*

मध्येच वरून आदेश आला की चोरी होऊ नये म्हणून प्रत्येक पानावर कॉलेजचं बोधचिन्ह आडवं छापा. फुकट वाटायला ठेवलेल्या मालाची चोरी कशी होते, हे मी विचारलं नाही. नोकरी थोडी शिल्लक होती. बोधचिन्हात पेटती समई. ती बरोबर मजकुरावर बसली आणि कॉम्प्युटरला अक्षरंच ओळखू येईनात. रसायनशास्त्राच्या मॅडम आल्या, "माझ्या आलेखावर दिवा कुणी लावलाय?"

समया काढता काढता एक सत्र गेलं. दर आठवड्याला सरांचा फोन यायचा, "दिसतो का?"

*

एवढं करूनही सरांच्या नावानं लेख येईना. काळेंनी खुलासा केला. कॉलेजातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद माननीय प्राचार्यांमार्फत जातो. लेखही बाहेरच चाललेत. म्हणून लेखकाच्या जागी सगळीकडे प्राचार्यांचं नाव! वनस्पती, गझल, खाऱ्या विहिरी, सगळं एकाच माणसाचं. प्राचार्यांचा विषय अकाउंटन्सी.

एक दिवस त्यांना दुसऱ्या विद्यापीठाकडून भूजलावर व्याख्यानाचं निमंत्रण आलं. मला वाटलं, सुटलो, आता चूक दुरुस्त होणार. साहेबांनी निमंत्रण वाचलं, चष्मा पुसला. "भूजल म्हणजे नेमकं काय, तेवढं एका पानात टाइप करून आणा."

*

तुमचं नाव काढतो, असं त्यांना सांगणार कोण? ते निवृत्त होईपर्यंत थांबलो. नव्या प्राचार्य मॅडम रुजू झाल्या त्याच दिवशी काळे अदबीनं म्हणाले, "मॅडम, सगळे लेख आता तुमच्या नावावर करून घेऊ का?"

मॅडम म्हणाल्या, "ज्यानं लिहिलाय त्याच्या नावावर करा."

काळे बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "बाई नवीन आहेत. शिकतील."

त्या आठवड्यात सरांचा लेख सरांच्या नावानं दिसू लागला. मी औरंगपुऱ्यात त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. सर अंथरुणावर होते, वहिनी उशाशी. म्हणाले, "दिसतो, बरं झालं. पाहिला कुणी?"

"बघून सांगतो," मी म्हणालो. नंतर मी जात राहिलो, पण सरांनी पुन्हा विचारलं नाही. हळूहळू त्यांचं बोलणंच थांबत गेलं.

*

एका रविवारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. दारात एक गृहस्थ आले, हातात मोबाइल. "देशपांडे सर इथंच राहतात का? वैजापूरकडून आलोय. कॉलेजात पत्ता दिला."

वहिनी म्हणाल्या, सरांची तब्येत बरी नाही.

"लई वेळ घेत नाय, ताई. तेवढं सांगतो अन् जातो."

ते पलंगाशी येऊन उभे राहिले. "सर, मोबाइलवर गावाचं नाव टाकलं तर तुमचा लेख निघाला. दोन डाव वाचला. पण आमच्या विहिरीचं तुम्ही चुकीचं लिव्हलंय."

वहिनींनी स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे पाहिलं. मी पाहुण्यांना बाहेर न्यायला उठलो.

"तुम्ही म्हणता, खार नाल्यातून येतो. नाय सर. नाला आटून जमाना झाला. पाणी अजून खारंच हाय."

सरांनी डोळे उघडले. पाठीशी उशी लावायला मला खूण केली. नीट बसले. त्या गृहस्थांना जवळची खुर्ची दाखवली. मग स्वयंपाकघराकडे मान वळवून, आम्ही कित्येक दिवसांत ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले,

"अगं, चहा टाक! वाचक आलाय!"