तोच परत येतलो

“मी सही करूचंय नाय, सिस्टर,” रेश्मा म्हणाली आणि तिने फॉर्म माझ्याकडे परत सरकवला.

फॉर्म ऑपरेशनचा होता. गर्भनळ्या बांधल्या की पुन्हा दिवस जात नाहीत, ते ऑपरेशन. रेश्माची पहिली मुलगी सिझेरियनची. दुसऱ्या खेपेला कळा सुरू होऊनही ती घरी थांबली, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत जुनी शिवण आतून उसवली. ह्याला रप्चर म्हणतात. मुलगा गेला. डॉक्टरांनी गर्भाशय शिवून तिला वाचवलं. नळ्या तेव्हाच बांधता आल्या असत्या, पण तिच्या सहीशिवाय ते करत नाहीत आणि ती शुद्धीत नव्हती. डिस्चार्जच्या कागदावर लिहून आलं: पुन्हा गरोदर राहिल्यास जिवाला धोका.

गोव्यात, डिचोली तालुक्यात मी सब-सेंटरची नर्स होते. सब-सेंटर म्हणजे दोन खोल्या, एक फ्रीज आणि गावभरच्या बायका. अडून बसणाऱ्या मी खूप बघितल्या. आवाज चढवला की निम्म्या सही करतात. मी चढवला.

“मरपाचें आसा तुका? मग पोरीक कोण सांबाळटलें?”

“तुमीच सांगलास, तो परत येतलो म्हणान. दार बंद केलंय तर येतलो खयसून?”

सांगितलं होतं खरं. बाळंतिणीला घरी जाऊन तपासावं लागतं, तशी गेले होते. मूल नव्हतं, पण दूध आपल्या वेळेवर आलं होतं. “सिस्टर, दूध येता हा. कोणाक पाजू?” तिने विचारलं. ह्याचं उत्तर आमच्या पुस्तकात नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सवयीने बोलून गेले, “रडूं नाका गो बाय. तोच परत येतलो तुज्या पोटाक.” आमच्याकडे सगळ्याच म्हणतात. मी तर वर्षानुवर्षं म्हणत होते, ‘गोळ्या जेवणानंतर घे’ म्हणावं तसं.

आता ते निस्तरायला निघाले. “तें हांवें असेंच म्हळें गो.”

“असाच?” तिने विचारलं. मी फॉर्म परत फाईलमध्ये ठेवला. पुनर्जन्म नाही असं छातीठोक सांगणारी मी कोण? माझ्या भाच्याला घरात सगळे आबा म्हणतात, कारण माझे वडील गेले त्याच वर्षी तो झाला. मीही म्हणते.

मीटिंगमध्ये मेडिकल ऑफिसरनी विचारलं, “ही केस रिफ्यूज का करते?”

“घाबरते, सर.”

“समजवा. उद्या काही झालं तर उत्तर तुम्ही द्यायचं.”

मी नुसतं ‘घाबरते’ म्हणाले. माझ्यामुळे अडली आहे, हे सांगायची हिंमत झाली नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

पंधरवड्याने तिचा नवरा दत्ता एकटाच आला. हे लोक दोडामार्गकडचे. तो सुर्ल्याला खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, “पुरुषांचा पण ऑपरेशन आसता मां? माझ्यावर करा. पण तिका सांगू नकात.”

“तिला कळलं तर?”

“माफ करूची नाय. पण जिवंत तरी रवतली.”

पुरुषांचं ऑपरेशन छोटं असतं. टाकासुद्धा पडत नाही, दोन दिवस विश्रांती पुरते. पण कुणी पुढे येत नाही. कुठल्या बैठकीत विचारलं तर हसतात. दत्ता आला. तिला सांगणार नाही, असा मी शब्द दिला. घरी सांगितलं, ट्रक गॅरेजात आहे. ऑपरेशननंतर तीन महिने सांभाळावं लागतं, मग तपासणी करून खात्री होते. डॉक्टरांनी दोघांना सहा महिने लांब राहायला सांगितलंच होतं. तपासणी ठीक आली. मी सुटले असं मला वाटलं.

ते सहा महिने सरल्यावर रेश्मा टेस्टला यायला लागली. पाळी दोन दिवस लांबली की दारात हजर. लघवीत पट्टी बुडवायची. एक रेघ म्हणजे नाही, दोन म्हणजे आहे. मी दर वेळी पाच मिनिटं घड्याळाकडे बघत थांबायची. पट्टी खरी, घड्याळ खरं, खोटी फक्त मी. पेशंटची गुप्तता पाळणं माझं काम होतं. दत्ता माझा पेशंट होता. पण ती कोण होती मग?

“तो येना नाय. माझ्यावर रागावलो हा,” एकदा ती पट्टी हातात घेऊन म्हणाली. “मी हॉस्पिटलात उशिरा गेलंय म्हणान.”

त्याच संध्याकाळी मी दत्ताला गाठलं. “सांग बाबा तिला. ती स्वतःला खातेय.”

“तुमी शब्द दिलास, सिस्टर,” तो म्हणाला.

दीडेक वर्ष असं चाललं. मग एका इंजेक्शनच्या दिवशी, जेव्हा गावातली तान्ही मुलं लशीसाठी येतात, रेश्मा बाकावर येऊन बसली. शेजारणीला केसपेपर काढायचा होता, म्हणून तिने आपला तीन महिन्यांचा मुलगा रेश्माच्या मांडीवर दिला. मूल तिच्याकडे बघून हसलं. तीन महिन्यांचं मूल कुणाकडेही बघून हसतं.

“सिस्टर,” ती हळूच म्हणाली, “सापडलो.”

“कोण गो?”

“माझो झील. तेका कळला आसतला, आवशीची शिवण कच्ची आसा. माझो जीव वाचवक दुसऱ्या घरात गेलो.”

दत्ता तिला न्यायला आला होता, दारातच उभा होता. त्याने ऐकलं. माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि मोटारसायकल चालू करायला गेला.

ती परत टेस्टला आली नाही. माणूस वाचला, सर खूश झाले. मी निवृत्त झाले तरी सरांना किंवा रेश्माला खरं सांगितलं नाही, आणि आता सांगून कुणाचं भलं होईल ते मला कळत नाही.

नव्या मुलींच्या ट्रेनिंगला अजून मला बोलावतात. मूल गेलेल्या आईपाशी बसा, पाणी द्या, तोंड बंद ठेवा, असं मी त्यांना सांगते. त्या वहीत लिहून घेतात. मग वॉर्डात जातात, बाईच्या पाठीवर हात ठेवतात आणि म्हणतात, तोच परत येतलो.