कोचीनला आम्ही पोळ्या लाटल्या नाहीत

देवळीहून निघालेल्या आमच्या यात्रेच्या जाहिरातीत घरगुती जेवण मिळेल असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. ते घरच्या बायकांनाच करावं लागेल, हे कुठंच लिहिलं नव्हतं. आचारी होता, खोटं कशाला बोलू. शेगड्या, मोठाले गंज-पातेली, कणकेची पोती, सगळं बसच्या टपावर होतं. पण एवढ्या माणसांच्या पोळ्या एकट्या आचाऱ्याच्यानं होईनात, म्हणून पहिल्या मुक्कामाला कुणीतरी माणुसकीनं लाटणं हाती घेतलं. तिसऱ्या मुक्कामापर्यंत त्याचा रिवाज झाला. बस थांबली की पुरुष फिरायला आणि बायका शेगडीकडे. भाडं मात्र आमचंही पूर्णच घेतलं होतं. रामेश्वरला काय पाहिलं असं मला कुणी विचारलं, तर मी कांदे सांगेन.

माझी मोठी जाऊ माझ्यासोबत होती. मी तिला बाई म्हणते. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, आयुष्यात कधी वरच्या आवाजात बोलली नाही. ती या यात्रेला आली ती देवासाठी नव्हे, समुद्रासाठी. आमच्या जिल्ह्यात पाणी म्हणजे हिंगणीजवळचं बोर धरण, फार तर नदीचा पूर. निघताना ती मला म्हणाली होती, "ज्या पाण्याले दुसरा काठच नाई, ते एकदा पाहाचं हाये मले." कन्याकुमारीला सूर्य बुडाला तेव्हा ती पोळपाटावर वाकलेली होती. नंतर तिनं भासऱ्यांना, म्हणजे आपल्या नवऱ्याला, समुद्र कसा होता म्हणून विचारलं. ते म्हणाले, "पाणीच हाये, अजून काय." तिनं मान हलवली आणि त्यांच्या ताटात आणखी एक पोळी टाकली. मला असा संताप आला की मी ताट सारून उठले.

कोचीन हा आमचा शेवटचा समुद्र. तिथून बस परतीला लागणार होती. बस जुन्या बंदराजवळच्या मैदानात उभी राहिली आणि यात्रावाल्यानं सांगितलं की इथून काठाकाठानं छान रस्ता आहे, मोठमोठी जहाजं अगदी जवळून जातात, जेवणं होईपर्यंत पाहून घ्या. मग आमच्याकडे वळून लाडीगोडीनं म्हणाला की ताई, आज जरा पातळ लाटा, काल जाड झाल्या होत्या.

पुरुष फिरायलाही गेले नाहीत. ऊन फार म्हणून बसच्या सावलीत सतरंजी अंथरली आणि पत्ते काढले. ते पाहून माझं डोकंच फिरलं. बाईनं नुकतंच लाटणं उचललं होतं. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि थेट माझ्या नवऱ्याच्या पुढ्यात, पत्त्यांवर ठेवलं.

"मी आन् बाई समुद्र पाहाले चाल्लो. शेतात रोडग्याच्या पार्टीत परातभर कणिक मळता नं तुमी, वरून सगळ्या गावाले सांगता. मंग आज पोळ्या करा."

आमच्याकडे रोडगे भाजणं हे पुरुषांचं काम. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे भाजायचे आणि वर्षभर त्याची फुशारकी मारायची. नवरा एवढंच म्हणाला की लोकांसमोर तमाशा करू नको. मी म्हटलं, करून राह्यली मी तमाशा, पाहा.

बाईचा चेहरा उतरला होता. लोक काय म्हणतील, हेच तिचं चालू होतं. मी तिचा दंड धरला आणि निघाले. सुरुवातीला ती दर थोड्या वेळानं मागं वळून बस पाही. रस्ता खरंच सुरेख होता. एका बाजूला बुटके दगडी कठडे, दुसऱ्या बाजूला आडवी पसरलेली जुनी झाडं, आणि पाण्यावर लाकडी वाशांना टांगलेली मासळीची प्रचंड जाळी वरखाली होत होती. पण पलीकडे जमीन दिसत होती, घरं दिसत होती. बाई हिरमुसली. "इथं तं काठ दिसून राह्यला वं," ती म्हणाली. चिंचोळ्या तोंडाचं ते बंदर. समुद्र पुढे होता. मी म्हटलं, मग काठ संपेपर्यंत चालू.

तेवढ्यात एक जहाज आलं. आमच्याकडच्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामाएवढं उंच, इतकं जवळून की वरची माणसं दिसत होती. बाई तोंडाला पदर लावून बघत राहिली. मग हळूच तिनं विचारलं की याच्यात सयपाक कोण करत असेल. पुरुषच करतात, म्हटलं, सहा सहा महिने. ती अशी हसली की तिला कठड्यावर टेकावं लागलं. इतक्या वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मला हसू येता येता रडू आलं.

फोन वाजत होता, मी तो वाजू दिला. गुडघे धरत, थांबत, बाई चालत राहिली. आता ती मागं पाहत नव्हती. वळणावर पलीकडची जमीन मागं सरली, आणि समोर फक्त पाणी उरलं. बाईनं चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि लुगडं भिजेपर्यंत आत गेली. मी हाक मारली नाही. तिला हवं तेवढं तिनं पाहिलं.

परतलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. सतरंजीवर पीठ सांडलेलं, टोपलीत करपलेल्या, वेड्यावाकड्या, रोडग्याच्या जाडीच्या पोळ्या. नवऱ्याच्या मिशांना कणिक लागली होती. बाकीच्या बायका भाजीपुरतं उरकून कडेला उभ्या राहून आमच्याकडे पाहत होत्या, कुणी रागानं, कुणी हेव्यानं. पंगतीच्या पत्रावळी मांडलेल्या होत्या. सवयीप्रमाणे पुरुष बसायला निघाले, आणि पोळ्यांची टोपली बाईच्या हाती देण्यासाठी भासरे पुढे आले.

बाईनं टोपली घेतली नाही. ओल्या लुगड्यानिशी ती पहिल्या पत्रावळीपुढे जाऊन बसली. गुडघे दुखत असल्यामुळे बसायला तिला वेळ लागला, तोवर सगळे उभेच. मग तिनं नवऱ्याकडे मान वर करून पाहिलं आणि नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली,

"वाढा."