तारेचा कान

एस.टी.च्या चौकशीच्या खिडकीत तीस वर्षं बसल्यावर माणसाला दोन सवयी लागतात. एक, उत्तर तोडून द्यायची. दुसरी, उत्तर नक्की माहीत नसलं तरी माहीत असल्याच्या आवाजात द्यायची. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण दोन्ही सवयी शाबूत आहेत. दूध आलं का एवढं विचारलं तरी मी फलाट क्रमांक सांगितल्यासारखी ओरडते, असं माझी सून म्हणते. तिचं खरं आहे, पण तसं मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. आमच्या जुन्या गावच्या कुणीतरी तो गटावर टाकला होता. दिग्रसहून पुसदकडे जाताना जो फाटा लागतो, त्याच्या आत दोन कोसांवर आमचं गाव. तिथल्या सार्वजनिक विहिरीजवळ लोकांनी एक खोली बांधून छोटं संग्रहालय केलंय, माणूस म्हणून जगण्याच्या हक्कासाठी गावात जे झालं त्याच्या वस्तू तिथे ठेवल्यात, असं खाली लिहिलं होतं. फोटोत एक कप होता. पांढरा, हिरव्या काठाचा. त्याचा कान तुटलेला होता आणि कानाच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळून वेढा केलेला होता. खाली चिठ्ठी: 'हॉटेलातला वेगळा कप.'

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तो आमचा कप होता. ती तार माझ्या बाबांनी गुंडाळली होती.

बाबांचं फाट्यावर चहाचं हॉटेल होतं. आतल्या फळीवर सगळ्यांचे कप असायचे आणि बाहेरच्या भिंतीत, कडुनिंबाच्या बाजूला, एक कोनाडा होता. त्यात चार कप पालथे घातलेले असायचे, ते बौद्धपुऱ्यातल्या लोकांचे. त्या लोकांनी दीक्षा घेतली त्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती, पण आमच्या कोनाड्यापर्यंत ती बातमी पोचलेली नव्हती. त्यांनी यायचं, कोनाड्यातला कप स्वतः घ्यायचा, पुढे धरायचा. बाबा वरून चहा ओतायचे. ते निंबाखाली उकिडवे बसून प्यायचे. मग मी तांब्या घेऊन जायची आणि वरून पाण्याची धार धरायची. त्यांनी आपला कप आपण धुवायचा आणि पुन्हा पालथा घालायचा. तांब्या कपाला लागू द्यायचा नाही, हे मला कोणी शिकवलं ते आठवत नाही. मी अकरा वर्षांची होते आणि माझी धार कधी चुकली नाही.

एक माणूस रोज यायचा. सडकेच्या गँगमध्ये खडी फोडायचं काम करायचा. एकदा त्याच्या कपाचा कान तुटला. गरम कप त्याला धरवेना, तो हात बदलत बदलत पीत होता, हे बाबांनी पाहिलं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ते शेजारच्या मुसलमान मिस्त्रीकडे गेले. तो पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून बांधायचा. त्याच्याकडून तांब्याची तार मागून आणली आणि पक्कड घेऊन बसले. तार कपाभोवती फिरवली, पिळली, बोट जाईल एवढा वेढा काढला. मिस्त्रीनेही वाहवा केली.

ही गोष्ट आमच्या घरात नंतर किती वेळा सांगितली गेली, त्याला गणती नाही. बाबांच्या तेरवीला मीच सांगितली. माझ्या मुलांना सांगितली, सुनेला सांगितली. बाबा किती मायाळू होते, हे सांगायचं असलं की आम्ही तारेची गोष्ट काढायचो. गोष्टीला शेपूटही होतं. पाच-सहा वर्षांनी त्या माणसाने यायचं बंद केलं आणि जाताना तो कप बरोबर नेला. 'इतका जीव होता त्याचा त्या कपावर,' असं बाबा हसून म्हणायचे, आणि आम्हीही हसायचो. त्या हसण्यात प्रेम होतं, असं मी आजही म्हणेन.

तर त्या चिठ्ठीत तारेबद्दल अक्षरही नव्हतं, आणि ते मला लागलं. कप ठेवा, जरूर ठेवा. कोनाडा वाईटच होता, मी नाही म्हणत नाही. पण तार कुणी गुंडाळली तेही लिहा. बाबा जाऊन वीस वर्षं झाली, त्यांच्या मागे राहिलेली वस्तू म्हणजे जगात तेवढी एकच, आणि तिच्याखाली त्यांच्या चांगुलपणाची एक ओळ नसावी? मी ठरवलं, जायचं आणि लिहून घ्यायचं.

धाकट्या भावाला फोन केला. तो लोहाऱ्याला एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि भानगडींपासून चार हात लांब राहतो.

"कायले जातं ताई?" तो म्हणाला. "नाव नाही लिवलं त्याइनं, तं चांगलंच हाय ना. जुनं उकरून काय भेटते?"

"बाबांची तार हाय ते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दिग्रसपर्यंत बस वेळेवर होती, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण लोक नोंदवत नाहीत. कापसाचे दिवस होते. रस्त्याकडेच्या बाभळींना ट्रकांमधून उडालेला कापूस अडकला होता. फाट्यावर आमच्या हॉटेलच्या जागी आता खताचं दुकान आहे. कडुनिंब आहे, पण त्याला कुणीतरी पत्र्याची पाटी ठोकली आहे. मी तिथे थांबले नाही.

संग्रहालय म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रे, दाराशी चपला काढायला फरशी. अंगणात ती विहीर. तिच्यावर आता लोखंडी जाळी आहे आणि काठाला काळ्या दगडाची पाटी, जे पहिल्यांदा त्या विहिरीवर पाणी भरायला गेले त्यांच्या नावांची. नावं बरीचशी बायांची होती.

तिथलं सगळं पाहणारे गृहस्थ माझ्याच वयाचे. वीज मंडळात वायरमन होते, निवृत्त झाले, आता रोज सकाळी येऊन कुलूप उघडतात आणि झाडतात. मी यवतमाळहून आले एवढंच सांगितलं. बाकी सांगायला योग्य जागा शोधत होते.

त्यांनी घाई न करता सगळं दाखवलं. विहिरीची लाकडी गडगडी, तिच्या खाचेत दोराने घासून केलेली वाट. दीक्षेला जाताना नेसलेलं एक पांढरं लुगडं, काचेत घडी घातलेलं. बारदानाचा एक तुकडा होता. शाळेत वर्गाच्या बाहेर, दारात बसून ज्या पोरांनी ऐकलं, त्यांच्या बुडाखालचा.

"ह्याच्यावर मी बसलो हावो," ते म्हणाले. "पहिलीत. दुसरीले आत घेतलं."

अगदी साधेपणाने म्हणाले. मी 'हो का' म्हटलं. खिडकीतली सवय.

मग कप आला. टेबलावर, उघडाच, काच नव्हती. मोबाइलमध्ये मोठा वाटला होता, प्रत्यक्षात लहान होता. तारेचा रंग काळपट झालेला. बाबांनी शेवटचं टोक आत वळवून दाबलं होतं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. तो दाब अजून तसाच होता. मला गलबलून आलं. मी सांगून टाकलं.

"दादा, हे हॉटेल आमचं होतं. ही तार माझ्या बाबांनी गुंडाळली. चहा प्यायले एक जण येत होते, त्याइचा हात भाजे म्हणून. ते लिहाले पाहिजे, असं मले वाटते."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं, मी खिडकीत रागावलेली माणसं खूप हाताळली आहेत.

"बसा ताई," ते म्हणाले. "पहिले चहा घेऊ."

कोपऱ्यात गॅसची शेगडी होती. त्यांनी चहा टाकला, दोन कप भरले, एक माझ्या हातात दिला. कपाला धड कान होता, हे मी पाहिलं. पाहिलं याचीही मला थोडी चीड आली.

"त्या कपात चहा पेनारा मानूस, तो माहा बाप," ते म्हणाले.

मी कप खाली ठेवला.

"तुमचे बाबा मानूस म्हनून चांगले होते. बाप बी तसंच म्हने. भांडन नाही कधी, वाकडा शब्द नाही." त्यांनी कपाकडे बोट केलं. "पन ताई, ते तार तापे."

"म्हणजे?"

"तांबं हाय ना ते. मी जिंदगीभर तारेचंच काम केलं. कपात चहा पडला का तार कपापेक्षा जास्त चटका दे. अन् बोटाले रुते. बाप धोतराचा सोगा गुंडायून धरे."

मला ते आठवलं. सोगा मला आठवला. तो माणूस धोतराचा सोगा हातात घेऊन कप धरायचा, आणि मला वाटायचं, कप जपतो आहे. घरी मी तसं सांगायचीसुद्धा.

"मग त्याइनं सांगितलं काहून नाही?" मी विचारलं. विचारता विचारताच कळलं की हा प्रश्न विचारायला नको होता.

"मानूस येवढा वेळ बसून कान करून देते, त्याले काय सांगाव? बापाले लाज वाटे. तसाच पेऊन घे."

 बाबा पक्कड घेऊन बसले होते ती दुपार मला पुरती आठवते. त्यांना चांगला अर्धा तास लागला होता. आत फळीवर कानाचे वीस कप होते. त्यातला एक उचलून बाहेर द्यायला काही वेळ लागला नसता, पण ते बाबांना सुचलं नाही, आईला सुचलं नाही, आणि तांब्या घेऊन उभी असलेली मी, मलाही सुचलं नाही. ती गोष्ट शंभरदा सांगताना, इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नाही. मला बाबांचं वाईट वाटलं आणि माझी लाज वाटली.

"मग कप नेला कायले?" मी हळू विचारलं. "आमच्या घरी म्हणत, त्याइचा जीव होता कपावर."

ते हसले, पण मला बोचेल असं नाही. "बौद्धपुऱ्यात बैठक झालती. कोनाड्यातल्या कपात आता कोनी चहा पेवाचा नाही, ठरलं. बाप गेला अन् आपला कप घेऊन आला. म्हने, थो तिथं राह्यला का उद्या कोन्या नव्या मानसाच्या हातात देतीन. घरी आनून सारवलेल्या ओट्यावर ठेवला. मायनं फोडतो म्हटलं, तं फोडू नाही देला."

"मग चिठ्ठीत हॉटेलचं नाव नाही?"

"हॉटेलाचं नाव घेवाले बापानंच मना केलतं. फाट्यावर तीन हॉटेलं होते, तिन्हीत कोनाडे होते. एकाचं नाव लिवलं का बाकीचे सुटले."

चहा संपला होता. मला बसवेना. मी माझा कप घेऊन उठले आणि बाहेरच्या नळाकडे निघाले. पाहुणी असले तरी आपली खरकटी भांडी आपण विसळायची, एवढं वळण मला आहे. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तो कप स्वतः धुवायचाच होता.

"ताई, राहू द्या," ते मागून म्हणाले. "इथं कोनी आपला कप धूत नाही. नियम हाय."

त्यांनी कप माझ्या हातातून घेतला. पाट्यांवर हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. त्यांनी दोन्ही कप नळाखाली एकदमच विसळले आणि एकाच ताटलीत ठेवले. मी पदराला हात पुसले. माझे हात कोरडेच होते.

परत येऊन त्यांनी टेबलाच्या खणातून पुठ्ठ्याची कोरी चिठ्ठी आणि पेन काढलं. "तारेचं लिवा. खरं हाय ते, राह्यलं पाहिजे. तुमच्याच हातानं लिवा."

यवतमाळहून येताना बसमध्ये मी ओळ तयार केली होती. 'हॉटेलच्या मालकांनी मायेने ही तार गुंडाळून दिली,' अशी. ती मला पाठ होती. मी पेन घेऊन बराच वेळ बसले. ते बाहेर जाऊन विहिरीजवळचा पाला झाडू लागले, मला एकटं सोडायला असावं.

शेवटी मी लिहिलं: 'कपाचा कान तुटल्यावर हॉटेलमालकाने ही तार गुंडाळली. ती तापायची.' खाली लिहिलं, 'हॉटेलमालकाची मुलगी.' 'मायेने' हा शब्द घालावा की नाही यावर मी अडले होते. माया होती, खोटं नाही. पण चहा पिणाऱ्याच्या बोटांपर्यंत ती पोचली नव्हती, आणि चिठ्ठी कपाची होती.

त्यांनी वाचली, मान हलवली आणि कपाला टेकवून ठेवली.

फाट्यावर बसची वाट पाहत मी त्याच निंबाखाली उभी होते. ऊन उतरलं होतं. भावाचा फोन आला. सकाळपासून त्याला चैन नसणार.

"लिवलं का बाबांचं?" त्याने विचारलं.

मी त्याला सगळं सांगितलं, जे ऐकलं ते आणि जे लिहिलं ते.  त्याच्या मागे कारखान्याचा आवाज येत होता.

"पन ताई," तो शेवटी म्हणाला, "तार तापते हे बाबाले कसं नाही समजलं? जिंदगीभर चहाच केला त्याइनं."

या एका प्रश्नाचं उत्तर मला नक्की माहीत होतं, आणि ते द्यायला मला चौकशीच्या खिडकीतला आवाज सापडेना.

"त्या कपातून बाबा कधी चहा प्यालेच नाहीत रे," मी म्हटलं. "आपणही नाही."