बाबांनी खणलेला चर

आमचं गाव सह्याद्रीच्या पलीकडे, माणदेशात. समुद्राकडून आलेले ढग घाट चढता चढताच रिकामे होतात, आमच्याकडे येतो तो नुसता वारा. बाबांची उमेदीची सगळी वर्षं तिकडे चर खणण्यात आणि बांध घालण्यात गेली. पाणी दिसलं की अडवायचं, एवढंच त्या माणसाला ठाऊक.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी खोली मिळाली तेव्हा बाबा जाम खूश. इथे डोंगर आपल्या बाजूचा! ढग त्याला अडायचे, वर चढायचे आणि माथा ओलांडून आमच्या पत्र्यावर रिते व्हायचे. सांताक्रूझला माझ्या ऑफिसात कोरडं असायचं आणि घरी धो धो. मैत्रिणी हसायच्या, "काय यार, उन्हात रेनकोट घालून आलीस?"

खोलीमागे दगडी भिंत होती, तिच्यावर डोंगराचा उतार. त्या उतारावर बाबांनी आडवा चर खणला. वांगी लावायची होती. "आडवलं की जिरतंय," म्हणाले. जिरून ते पाणी जाणार कुठे, हे ना त्यांनी विचारलं, ना मी. शिकलेली ना मी? घमेली भरभरून माती मीच बाजूला टाकली. डोकं कुठे ठेवलं होतं, देव जाणे.

गेल्या पावसाळ्यात, भरदुपारी, शेजारणीचा फोन आला. भिंत पडली, लवकर ये. ऑफिसच्या खिडकीबाहेर ऊन होतं. मी तिलाच ओरडले, अगं, कसली भिंत, पाऊस कुठेय? बाबा गिरणीत दळण आणायला गेले होते. आई घरात होती. तिला बाहेर काढेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि काढून उपयोग नव्हता.

आता बाबा आणि मी घाटकोपरला भाड्याने राहतो, चौथ्या मजल्यावर. ते फारसं बोलत नाहीत. परवा जेवताना एकदम म्हणाले, "चरामुळं झालं का गं?"

मी म्हटलं, "नाही हो बाबा. ढग डोंगराला अडले, पाऊसच तेवढा झाला. पालिकेतून बघायला आलेले साहेबही तेच म्हणाले." पाऊस झाला होता हे खरंच होतं. बाकीचं मी गिळलं.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"आदल्या दिवशी तुझी आई म्हनली हुती, भिंत वली लागतीया, चर फोडा. मी म्हनलं, आलेलं पानी कुनी सोडतं व्हय?"